दम न धरण्याची विद्या

— एक विद्यार्थिनी, बी. ए. तृतीय वर्ष

आपल्या मराठी भाषेला बुडण्याचे मोठे वावडे आहे. पैसा बुडतो, पेढी बुडते, मजुरी बुडते, आणि सर हजेरी घेऊ लागले की आमचे तासही बुडालेले निघतात. बुडत्याचा पाय खोलात जातो आणि बुडत्याला काडीचा आधार लागतो. एखाद्याचे वाटोळे झाले की ‘त्याचे घर बुडाले’ असे म्हणून आपण मोकळे होतो. मात्र जो मुद्दाम खाली गेला, खालचे काही पाहून हसत वर आला, अशा माणसासाठी आपल्याकडे म्हण सापडत नाही. ‘पाणबुड्या’ हा शब्द आहे खरा. पण आमच्या भागात पाणबुड्याची आठवण होते ती कोणी विहिरीत किंवा तळ्यात पडले तरच. तो शब्द कानावर आला की आयाबाया पदर तोंडाला लावतात.

अशा भाषेत वाढलेल्या, कंधारसारख्या कोरड्या मुलखात राहणाऱ्या मुलीने ‘समुद्रात बुडी मारायला शिकण्यासाठी काय लागते आणि किती पैसे पडतात’ यावर लेख लिहावा, हे वाचकांना अंमळ विचित्र वाटेल. पण वाचकहो, आपल्या गावालाही एक समुद्र आहे, हे विसरू नका! राष्ट्रकूटांच्या काळातल्या आपल्या तळ्याला पूर्वजांनी नुसते तळे म्हटले नाही; सरळ ‘जगत्तुंग समुद्र’ म्हटले. जगत्तुंग हे राष्ट्रकूट राजांचे बिरुद. खऱ्या समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर राहून, बांधाआड अडवलेल्या पाण्याला समुद्र म्हणण्याची हिंमत ज्या गावाने केली, त्या गावाच्या लेकीला खऱ्या समुद्राचा तळ पाहावासा वाटला, तर त्यात नवल ते काय? आपल्या भुईकोट किल्ल्याला खंदक आहे, मन्याड नदीवर लिंबोटीचे आणि बारूळचे धरण आहे. पाणी आपल्याकडे अगदीच नाही असे नाही. पण त्या पाण्याकडे आपण काठावरूनच पाहतो.

मी पाणी आतून पाहिले ते प्रथम आमच्या शेतातल्या विहिरीत. विहीर दगडी बांधणीची, तीस फूट रुंद आणि पन्नास फूट खोल. वडिलांना आम्ही दादा म्हणतो. दादांनी मला आणि माझ्या मोठ्या भावाला एकाच उन्हाळ्यात पोहायला शिकवले. दादा शिकले तेव्हा पाठीला वाळलेला भोपळा बांधत. आमच्या वेळी तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन आला. पंधरा दिवसांत कॅन सुटला. मग मुटके मारणे, सूर मारणे आणि सर्वांत मोठा खेळ म्हणजे दम धरणे. पाण्याखाली जायचे आणि वरच्यांनी आकडे मोजायचे. चाळीस झाले की शाबासकी, साठ झाले की गावभर नाव. ‘दम धर! दम धर!’ असा ओरडा काठावरून चाले. विहिरीतले सारे शिक्षण या दोन शब्दांत सामावलेले होते.

मी बारा वर्षांची झाले आणि एका दुपारी आजी म्हणाली, “आता पुरं झालं गं पवनं. लोकं बघत्यात.” कोणी रागावले नाही, कोणी मारले नाही. माझा परकर तारेवर वाळत होता तो मी काढून आणला, एवढेच. भाऊ मात्र त्या उन्हाळ्यातही पोहत राहिला आणि पुढच्या सगळ्या उन्हाळ्यांतही. आमच्याकडच्या किती मुलींची पोहण्याची विद्या अशी बाराव्या-तेराव्या वर्षी, एका वाक्यात, बंद झाली असेल! बी. ए.च्या वर्गात मी एकदा सहज विचारले होते. ज्या चौघी-पाचजणी लहानपणी पोहत होत्या, त्यांपैकी एकीचेही पोहणे चालू नव्हते.

गेल्या हिवाळ्यात महाविद्यालयाची सहल कोकणात गेली, तेव्हा पाण्याशी माझी गाठ पुन्हा पडली. लातूर, सोलापूर, कोल्हापूर करीत, घाट उतरून आमची गाडी मालवणला पोहोचली. सकाळी सिंधुदुर्ग पाहिला. १६६४ ते १६६७ या काळात शिवछत्रपतींनी भर समुद्रात बांधून घेतलेला तो किल्ला पाहून आम्ही सारे भारावून गेलो. परतताना किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगच्या पाट्या दिसू लागल्या. हा खर्च सहलीच्या वर्गणीत नव्हता. ज्याला हौस असेल त्याने स्वतःचे बाराशे रुपये भरावेत, असे ठरले. पाच मुले तयार झाली. सहावी मी. मॅडम म्हणाल्या, “घरी विचारलंस का?” मी दादांना फोन लावला. त्यांनी फार प्रश्न विचारले नाहीत. “संगं धरायला मानूस ऱ्हातो का?” एवढेच विचारले. राहतो, असे मी सांगितले. “मग जा. पर जरा दमानं.”

आमच्या होडीवर मालवणच्याच एका मच्छीमार घरातला तरुण होता. त्याने अर्ध्या तासात आम्हाला जे शिकवले, ते फार थोडे होते आणि फार मोठे होते. पहिली गोष्ट हातांच्या खुणांची. पाण्याखाली बोलता येत नाही. अंगठा आणि तर्जनी यांचे गोल कडे केले तर ‘ठीक आहे’. पंजा आडवा धरून हलवला तर ‘काहीतरी बिघडले आहे’. आणि अंगठा वर केला तर, मंडळी, त्याचा अर्थ ‘झकास’ असा होत नाही. त्याचा अर्थ ‘मला वर न्या’! आमच्यातल्या एकाला मासे इतके आवडले की त्याने पाण्याखाली आनंदाने अंगठा दाखवला आणि त्याला तत्परतेने वर आणण्यात आले. त्याचे बाराशे रुपये चार मिनिटांत फिटले.

दुसरी गोष्ट कानांची. दोन-तीन हात खाली गेले की कानांत कळ येते, कारण बाहेरच्या पाण्याचा दाब वाढतो आणि कानाच्या पडद्यामागची हवा तेवढीच राहते. तेव्हा नाक चिमटीत धरायचे, तोंड मिटायचे आणि अगदी हलकेच नाकात फुंकर घालायची. कानांत ‘टक्’ असा आवाज होतो आणि कळ जाते. या युक्तीला वाल्साल्वा या इटालियन वैद्याचे नाव आहे. त्याचा कानावरचा ग्रंथ १७०४ साली प्रसिद्ध झाला. कळ येण्याची वाट न पाहता हातभर खाली गेले की हे करायचे. कान उघडत नसेल तर थोडे वर यायचे, जबरदस्ती करायची नाही.

तिसरी आणि मुख्य गोष्ट श्वासाची. तोंडात रबरी नळीचे टोक धरून आम्ही पाण्यात चेहरा घातला आणि सहाही जणांचा श्वास आपोआप थांबला. शरीराला तेच ठाऊक. तो तरुण हसला. त्याला हे रोजचेच असावे. तो म्हणाला, “घाबरू नको गो. श्वास घेत राहा. काहीही होऊ दे, श्वास थांबवायचा नाही.” मी पुन्हा चेहरा पाण्यात घातला आणि हवा आत ओढली. छातीत हवा आली. डोळ्यांसमोर पाणी, कानांत पाणी आणि छातीत हवा! बुडबुडे गालांवरून वर गेले. जे फक्त माशांना जमते असे आजवर वाटत होते, ते मी करीत होते.

आम्ही साधारण वीस फूट खाली होतो. आमची विहीर यापेक्षा अडीचपट खोल आहे. पण विहिरीत डोळे उघडले तर हिरवा काळोख दिसतो, आणि छातीतला दम संपायच्या आत वर यायचे असते. तिथे पाहणार कोण? इथे काचेतून खडक दिसत होते, खडकांवरचे पोवळे दिसत होते आणि काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे आमच्या भोवती असे फिरत होते की जणू आम्हीच त्यांची सहल पाहायला आलो आहोत. पाण्यात वस्तू जवळ आणि मोठ्या दिसतात, तेही खरे ठरले. माझ्या मनगटावरचा लाल दोरा तपकिरी झाला होता. पाणी सूर्यप्रकाशातला लाल रंग सर्वांत आधी गिळते, हे शाळेत वाचले होते. ते माझ्याच हातावर पाहायला मिळाले. पंधरा मिनिटे झाली आणि त्या तरुणाने अंगठा वर केला. मला वर यायचे नव्हते.

त्या दिवसापासून माझ्या मनात एकच प्रश्न घोळतो आहे. कोणी हात धरून नेलेले हे पंधरा मिनिटांचे पाहणे पुरे आहे, की आपण स्वतः जायला शिकावे? या दोन गोष्टींत फार अंतर आहे. पहिली गोष्ट म्हणजे झाकलेल्या बैलगाडीत बसून जत्रेला जाणे. दुसरी म्हणजे कासरा आपल्या हाती घेणे.

गावी परतल्यावर मी जमेल तेथून माहिती मिळवली. ‘स्कूबा’ हा शब्द इंग्रजी अक्षरांच्या जुळवणीतून आला आहे; त्याचा अर्थ, पाण्याखाली श्वास घेण्याचे स्वयंपूर्ण साधन. आज जगभर वापरात असलेल्या साधनाचे मूळ १९४३ साली फ्रान्समध्ये जॅक-ईव्ह कूस्तो हा नौदल अधिकारी आणि एमिल गान्यां हा अभियंता या दोघांनी तयार केलेल्या यंत्रात आहे. महायुद्धात पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी गॅसवर चालवण्यासाठी गान्यांने एक झडप बनवली होती. तीच पाणबुड्याच्या कामी आली. माणूस श्वास ओढील तेव्हाच आणि भोवतालच्या पाण्याच्या दाबाइतकीच हवा ती झडप देते. टाकीत प्राणवायू भरलेला असतो, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती खरी नाही. त्यात आपण इथे घेतो तीच साधी हवा दाबून भरलेली असते. फक्त ती कोरडी, स्वच्छ आणि तेलाचा अंशही नसलेली लागते. पंक्चरच्या दुकानातली चालत नाही!

आता ‘श्वास थांबवू नको’ याचे कारण ऐका. आपल्या अंगावर हवेचा जो दाब असतो, तो समुद्रात दहा मीटर, म्हणजे तेहेतीस फूट खाली गेले की दुप्पट होतो. वीस मीटरवर तिप्पट. दहा मीटरवर टाकीतली हवा छातीत भरून घेतली आणि श्वास कोंडून तसेच वर आले, तर ती हवा फुगत फुगत दुप्पट होऊ पाहते. फुगा फुटतो तशी फुप्फुसे फाटू शकतात. म्हणून वर येताना सावकाश यायचे, आपल्या बारीक बुडबुड्यांपेक्षाही हळू, आणि श्वास चालू ठेवायचा. विहिरीत आम्ही वरची हवा छातीत घेऊन जात होतो. ती खाली आकसे आणि वर येताना मूळच्या एवढीच होई. म्हणून तिथे दम धरणे चालून गेले. समुद्रात टाकी पाठीवर असताना तीच शाबासकीची गोष्ट जिवावरची ठरते.

मला या गोष्टीची मोठी गंमत वाटली. आपल्या भाषेत ‘दम’ या एका शब्दाची केवढी खटपट आहे! दम लागतो, दम निघतो, दम दिला जातो, एखाद्याच्या बोलण्यात दम नसतो आणि छातीच्या आजाराला दमा म्हणतात. पण ‘दम धर’ आणि ‘दमानं घे’ हे दोन शब्दप्रयोग आपण एकाच अर्थाने वापरतो. पाण्याखाली ते एकमेकांच्या विरुद्ध आहेत. दम धरायचा नाही, दमाने घ्यायचे. जो घाबरून भराभर श्वास घेतो, त्याची टाकी निम्म्या वेळात रिकामी होते. बारा लिटरच्या टाकीत दोनशेपट दाबाने हवा भरली की ती सुमारे चोवीसशे लिटर होते. शांत माणसाला मिनिटाला वीस लिटर पुरतात असे धरले, तर जमिनीवर ती दोन तास जाईल. दहा मीटरवर दाब दुप्पट, म्हणून एकच तास. त्यातूनही काही भाग परतीसाठी राखून ठेवायचा. हे गणित मी घरी मांडून दाखवले तेव्हा दादा म्हणाले, “म्हंजी डिझेलवानीच की. इंजन रेटलं की टाकी खाली.”

आता शिकायचे म्हणजे काय करायचे, ते सांगते. जगभर मान्य असलेला पहिला अभ्यासक्रम साधारण तीन ते चार दिवसांचा असतो. त्यात आधी पुस्तकी भाग, मग तलावात किंवा उथळ पाण्यात सराव आणि शेवटी समुद्रात किमान चार बुड्या. हे पार पडले की अठरा मीटरपर्यंत, जोडीदाराबरोबर जाण्याची पात्रता येते. जोडीदाराबरोबर, एकट्याने नव्हे. वयाची अट दहा वर्षे. आधी प्रकृतीचा एक तक्ता भरावा लागतो. दमा, फिट्स, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांपैकी काही असल्यास डॉक्टरांचा दाखला लागतो. पोहणे मात्र आलेच पाहिजे. न थांबता दोनशे मीटर पोहायचे, वेळेचे बंधन नाही. आणि दहा मिनिटे कशाचाही आधार न घेता पाण्यावर तरंगायचे. पात्रतेचे कार्ड मिळाले की ते जन्मभराचे. फार दिवस खंड पडला तर उजळणी करावी, एवढेच.

आपल्या राज्यात यासाठी दूर परदेशी जावे लागत नाही. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने मालवणजवळ तारकर्लीला स्कूबाची स्वतंत्र प्रशिक्षण संस्था उभी केली आहे. मालवणचा समुद्र १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. तेव्हा आपण जे पाहायला जातो, ते जपण्याची जबाबदारीही शिकण्यातच येते. पोवळ्याला हात लावायचा नाही, त्यावर उभे राहायचे नाही, काही उचलून आणायचे नाही. पावसाळ्याचे महिने समुद्र बंद.

आता खर्च. मुलगी कॉलेजात जाऊन काय शिकली, हे आमच्या घरी आकड्यांवरून ठरते. म्हणून मी वहीवर आकडे मांडले. शिकण्याची फी आपल्या देशात ठिकाणाप्रमाणे साधारण पंचवीस ते पस्तीस हजार. मधला आकडा ३०,००० धरला. टाकी, झडप, पोशाख हे सारे त्यात भाड्याने येते. विकत घ्यावे लागत नाही. कंधार ते मालवण सहाशे किलोमीटरांच्या आसपास. मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट आहे. दादा बरोबर येणार, त्यांचे पूर्ण आणि माझे अर्धे, येऊन-जाऊन सुमारे ३,०००. पाच दिवस राहणे-जेवणे दोघांचे, काटकसरीने ६,०००. डॉक्टर आणि किरकोळ १,०००. एकूण ४०,०००. विमानाने येणाऱ्याला शेवटच्या बुडीनंतर अठरा तास तरी थांबायला सांगतात, कारण दाबाखाली अंगात मुरलेला नायट्रोजन हळूहळूच बाहेर पडतो. आपल्याला विमान नाही, पण घाट आहे. तेव्हा परतीचा दिवस तेथे विचारूनच ठरवायचा. म्हणून पाच दिवस.

दादांनी वही हातात घेतली आणि आकड्यांचे आमच्या नाण्यात रूपांतर केले. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे साडेसात क्विंटल. “हमीभावानं,” ते म्हणाले, “अन् आमच्या पदरात पडला त्या भावानं साडेनऊ.” आमच्या कोरडवाहू रानात एकरी सहा-सात क्विंटल होते. पेरणी, खत, फवारणी आणि काढणी अजून वजा करायचीच आहे. एका एकराचे वर्ष मी समुद्रात नेऊन सोडणार, असा त्याचा अर्थ झाला.

माय चुलीपाशी होती. ती म्हणाली, “हौसेला मोल नसतंय म्हणत्यात. ज्याच्यापाशी मोल हाय, त्यानं म्हणावं ते.” याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. भावाचे पोलीस भरतीचे क्लास नांदेडला चालू आहेत, त्याचे पैसे आमच्या घरी खर्चात धरत नाहीत; ती पेरणी आहे. माझे मात्र हौशीत जमा होते. मग मी उपयोग सांगू लागले. धरणांच्या दारांची पाण्याखालून तपासणी करायला पाणबुडे लागतात. नदीत कोणी वाहून गेले तर शोधायला लागतात. समुद्रातल्या जिवांचा अभ्यास करणाऱ्यांना लागतात. यातला शब्दन् शब्द खरा आहे. त्या कामांना मात्र हे पहिले कार्ड पुरत नाही. त्यापुढे कितीतरी शिकावे लागते, हेही सांगितले. बोलता बोलता मलाच कळले की मी दुसऱ्याच कोणाचे तरी कारण सांगते आहे. मी थांबले आणि म्हणाले, “दादा, मला तिथं पुन्हा जायचंय. मला पोहायचं होतं, ते बंद झालं. म्हणून जायचंय.”

घरात कोणी बोलेना. तेव्हा कोपऱ्यात बसलेली आजी बोलली. ती म्हणाली, “मी बी गेले व्हते हिरीच्या तळाला.” आम्ही सारे तिच्याकडे पाहू लागलो. आजीला पोहता येत नाही. “भात्तरचा दुष्काळ. मी नवीच नवरी. हीर आटली. दोर लावून आमी बाया खाली उतरायचो, अन् कपारीतून झिरपायचं ते वाटीवाटीनं घागरीत भरायचो. वर बघितलं की आभाळ भाकरीएवढं दिसायचं.” थोडे थांबून ती म्हणाली, “पानी होतं तवा तळ न्हाई बघितला. तळ बघितला तवा पानी नव्हतं.”

१९७२ चा दुष्काळ मी पुस्तकात वाचला होता. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते मला लहानपणीचे आठवते. पण आमच्या घरातल्या बाईला विहिरीच्या तळाशी जाण्याची परवानगी मिळाली ती फक्त विहीर कोरडी पडल्यावर, ही गोष्ट मी प्रथमच ऐकली. दुष्काळात तिला कोणी म्हटले नाही की लोक बघतात.

त्या रात्री एवढेच ठरले की घाई करायची नाही. चाळीस हजार एकदम काढायचे नाहीत. मायच्या बचत गटात माझ्या नावाने महिन्याला हजार रुपये वेगळे टाकायचे; त्यांतले निम्मे मी शिकवण्या घेऊन आणायचे. दोन वर्षांत चोवीस हजार होतील. राहिलेले त्या वर्षीचा पाऊस पाहून. पाऊस बुडाला तर आणखी एक वर्ष. समुद्र कोठे जात नाही. आणि ज्या पायरीला पैसे लागत नाहीत, ती आधी चढायची.

दुसऱ्या दिवशी दादांनी दोर टाकून विहीर मोजली. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत नऊ मीटर. दोनशे मीटर म्हणजे न थांबता तेवीस फेऱ्या. त्यांनी काठाच्या दगडावर खडूने तेवीस रेघा ओढल्या. मी भावाची जुनी पँट आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून पाण्यात उतरले. इतक्या वर्षांनी हात-पाय पाणी विसरले नव्हते. छाती मात्र विसरली होती. पहिल्या दिवशी सहा फेऱ्या झाल्या. आता दर रविवारी दादा थारोळ्यावर बसतात, जवळ दोर ठेवतात आणि एकेक रेघ पुसत जातात. गेल्या रविवारी चौदा रेघा पुसल्या गेल्या. दहा मिनिटे तरंगणे जमले आहे. तरंगताना कान पाण्यात असतात आणि आपलाच श्वास ऐकू येतो.

रस्त्याने जाणारे लोक थांबून बघतात. आजी बांधावर बसलेली असते. ती त्यांना बघू देते. एकाने विचारले, “म्हातारे, पोरगी कशाला पवायली?” आजी म्हणाली, “समिंद्रात जायचं हाय तिला.” तो हसला. त्याला बहुधा आपला जगत्तुंग समुद्रच वाटला असावा.

माझ्या मैत्रिणींनो, हा लेख वाचून तुम्ही लगेच मालवणचे तिकीट काढावे असे माझे म्हणणे नाही. चाळीस हजार रुपये ही आपल्या घरांत लहान रक्कम नाही आणि ती लहान आहे असे कोणी सांगितले तर ऐकू नका. पण पहिली पायरी आपल्या शेतात आहे, तिला फी नाही. फक्त काठावर पोहता येणारे जाणते माणूस आणि हाताशी दोर हवा. आमच्या वर्गातल्या दोघींनी येत्या रविवारी येते म्हणून सांगितले आहे. त्यांपैकी एकीला पोहता येत नाही. माळ्यावरचा तो पाच लिटरचा कॅन मी काढून, धुऊन ठेवला आहे.